ओटीत घातलेला हिमकण

‘दत्तक’ हा शब्द मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. इतिहासाच्या पहिल्याच पुस्तकात तो भेटतो. साताऱ्याची गादी १८४८ साली खालसा झाली ती दत्तक नामंजूर झाल्यामुळे. पुढे झाशी गेली तीही त्याच कारणाने. इतिहासातून बाहेर येऊन घरात पाहावे तर तिथेही तो आहेच. ‘मांडीवर देणे’, ‘ओटीत घालणे’ असे मायेचे वाक्प्रचार आपल्या आज्यांनी सहज वापरले आहेत. या साऱ्या व्यवहारात दत्तक जाणारे मूल म्हणजे हातपाय हलवणारे, पेढ्यासाठी हट्ट धरणारे, डोळ्यांना दिसणारे मूल असे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र जगात दत्तकाचा एक निराळाच प्रकार रूढ झाला आहे. त्यात जे दत्तक दिले जाते ते टाचणीच्या टोकावर मावेल एवढे असते. त्याला हात नसतात, पाय नसतात, आणि ते उणे १९६ अंश सेल्सियसच्या थंडीत वर्षानुवर्षे थांबलेले असते. त्याला म्हणतात भ्रूणदत्तक. हा प्रकार पुढे आणला तो मुख्यत: अमेरिकेतील ख्रिस्ती कुटुंबांनी.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती कुटुंबांशी बिरवाडीचा काय संबंध, असे वाचक विचारतील. आमचे गाव महाड तालुक्यातले. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीचे डोंगर. पण मूल नसल्याचे दु:ख शहर पाहत नाही की गाव पाहत नाही, आणि त्यावरचे उपायही आता दोन्हीकडे पोचले आहेत. इकडची जोडपी वरंध घाटाने पुण्याला, नाहीतर महामार्गाने पनवेल-मुंबईला जाऊन उपचार घेतात. गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याला घेऊन घरी आली. घर ख्रिस्ती, लग्नाला नऊ वर्षे झालेली. हातात इस्पितळाने सहीसाठी दिलेले संमतीपत्र होते. इंग्रजी दोघांनाही चांगले येत होते. गाडी अडली होती ती एका शब्दापाशी.

“सर, ‘पेरिश’ला मराठीत काय म्हणायचे?”

वापरात न आलेले भ्रूण दहा वर्षांनंतर ‘पेरिश’ होऊ द्यावेत, अशा अर्थाचे ते वाक्य होते. भाषेच्या प्राध्यापकाला हा प्रश्न सोपा वाटायला हवा. मी म्हटले, “नष्ट होऊ देणे.” ती म्हणाली, “ते तर वस्तूला म्हणतात.” “मग मरू देणे?” नवरा चटकन म्हणाला, “ते जिवाला म्हणतात, सर. तसे असेल तर आम्ही सही कशी करायची?” दिवा विझतो, रोप सुकते, माणूस मरते, कागद नष्ट होतो. मराठीत क्रियापद निवडायचे तर आधी समोरचे काय आहे ते ठरवावे लागते. त्या दोघांनी माझ्याकडून शब्द मागितला होता, आणि शब्द शोधताना मूळ प्रश्नच अंगावर आला. निघताना ती म्हणाली, “मग उरलेले दुसऱ्या कोणाच्या ओटीत नाही का घालता येणार?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचनात आले ते पुढे देत आहे.

उरतात ते कशामुळे?

ज्याला आपण ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणतो त्या उपचारात स्त्रीला इंजेक्शने देऊन एका महिन्यात एकाऐवजी अनेक स्त्रीबीजे तयार केली जातात. ती बाहेर काढून काचेच्या बशीत त्यांचे पुरुषबीजाशी मीलन घडवतात. पाच दिवसांत शंभर-दीडशे पेशींचा एक सूक्ष्म गोळा तयार होतो. हाच भ्रूण, म्हणजे गर्भाचा अगदी पहिला अंकुर. असे पाच-सहा अंकुर धरले तर त्यांतले एक किंवा दोन गर्भाशयात सोडतात आणि बाकीचे द्रवरूप नत्रवायूत गोठवून ठेवतात. यात हेतू दयेचाच आहे. पहिला प्रयत्न फसला तर त्या बाईला पुन्हा सारी इंजेक्शने नकोत, पुन्हा शस्त्रक्रिया नको, पुन्हा तेवढा खर्च नको.

या गोठवण्याच्या विद्येशी आपल्या देशाचे नाते फार जुने आहे. या मार्गाने जन्मलेली जगातली पहिली मुलगी २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने भारतातली पहिली मुलगी जन्मली, आणि ती गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून जन्मली होती. त्यांच्यावर त्या वेळी कोणी विश्वास ठेवला नाही. १९८१ साली या डॉक्टरांनी आत्महत्या केली, आणि त्यांना मान मिळाला तो पुष्कळ वर्षांनी. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशी मुलगी जन्माला आली, तेव्हा मराठी घरांना या विद्येची खरी ओळख झाली.

आता पेच कोठे येतो पाहा. एखाद्या जोडप्याला पहिल्याच खेपेला जुळे झाले. घर भरले. मागे चार भ्रूण राहिले. त्यांचे काय करायचे? दरसाल भाडे भरून ठेवायचे, टाकून द्यायचे, संशोधनाला द्यायचे, की दुसऱ्या निपुत्रिक जोडप्याला द्यायचे? बहुतेकांना यातले काहीच करवत नाही. ते नुसते भाडे भरत राहतात, किंवा तेही थांबवतात आणि पत्ता बदलतात. एकट्या अमेरिकेत अशा गोठवलेल्या भ्रूणांची संख्या काही लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत असावी, असे निरनिराळे अंदाज आहेत.

हिमकणांची गोष्ट

या प्रश्नाने सामान्य माणसाची झोप उडवली ती १९९६ साली. इंग्लंडच्या १९९० च्या कायद्याने भ्रूण ठेवण्याची मुदत पाच वर्षांची घातली होती. ती संपताच ऑगस्ट १९९६ मध्ये, ज्यांच्या मालकांनी काहीच कळवले नव्हते असे सुमारे ३,३०० भ्रूण बाहेर काढून नष्ट करण्यात आले. त्या वेळी युरोपात पुष्कळ चर्चा झाली. कित्येक स्त्रियांनी ‘आमच्या पोटात वाढवतो, पण टाकू नका’ अशी तयारी दाखवली. कायद्यात त्याला जागा नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, कॅलिफोर्नियातील ‘नाइटलाइट ख्रिश्चन अॅडॉप्शन्स’ या मुले दत्तक देणाऱ्या संस्थेने एक नवी योजना सुरू केली. तिला नाव दिले ‘स्नोफ्लेक्स’, म्हणजे हिमकण. प्रत्येक हिमकण निराळा, प्रत्येक नाजूक आणि प्रत्येक गोठलेला. या योजनेतून हॅना स्ट्रेग ही पहिली मुलगी ३१ डिसेंबर १९९८ रोजी जन्मली. ती आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असून स्वत: या विषयावर जाहीरपणे बोलते. २००३ साली टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल शहरात ‘नॅशनल एम्ब्रियो डोनेशन सेंटर’ हे दुसरे मोठे केंद्र निघाले. त्यामागची प्रेरणाही ख्रिस्ती होती.

या योजनेची रीत जिवंत मूल दत्तक देतात तशीच आहे. घेणाऱ्या जोडप्याच्या घरी समाजसेविका जाते, त्यांची चौकशी करते. देणारे जोडपे आलेल्या अर्जांतून कुटुंब निवडते. पुढे पत्रव्यवहार ठेवायचा की नाही, मुलाला काय सांगायचे, भावंडांनी एकमेकांना भेटायचे का, हे आधी ठरते. मग भ्रूण त्या स्त्रीच्या गर्भाशयात सोडतात. म्हणजे दत्तक घेणारी आईच नऊ महिने ओझे वाहते आणि प्रसूतीच्या कळाही तीच सोसते. दत्तक आई आणि जन्मदात्री एकच!

या हिशेबात घड्याळाचे काटे कसे गुंततात त्याचे एक उदाहरण ताजे आहे. १९९४ च्या मे महिन्यात अमेरिकेतील एका बाईचे चार भ्रूण तयार झाले. एकापासून तिला मुलगी झाली, तीन गोठवून ठेवले. पुढे घटस्फोट झाला. भ्रूणांचा ताबा तिने मागून घेतला आणि वर्षानुवर्षे भाडे भरत राहिली, कारण टाकून देणे तिच्या मनाला पटेना. शेवटी एका ख्रिस्ती संस्थेमार्फत ते ओहायोतील एका जोडप्याला दिले. त्या जोडप्याने सात वर्षे मुलाची वाट पाहिली होती. तिघांपैकी एक अंकुर थंडीतून बाहेर काढतानाच गेला. दोन गर्भात सोडले, त्यांतला एक रुजला, आणि २६ जुलै २०२५ रोजी मुलगा झाला. त्याची सख्खी बहीण तेव्हा तीस वर्षांची होती आणि तिला स्वत:ला दहा वर्षांचे मूल होते. आपल्या नात्यांच्या भाषेत सांगायचे तर भाचरू चौथी-पाचवीत आणि मामा पाळण्यात!

हसू येते खरे; पण या हकिकतीतला हिशेबही ध्यानात ठेवावा. तिघांतून एक मूल. भ्रूण दत्तक घेणे म्हणजे मूल पदरात पडणे नव्हे. ती एक आशा आहे आणि पुष्कळदा ती फळत नाही. असा निर्णय करणाऱ्या कुटुंबाला आनंदाइतकीच सुतकाचीही तयारी ठेवावी लागते.

रोहिणीचे बाळ

आपल्याकडे असा विषय निघाला की ‘हे सारे आमच्या पुराणांत होतेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. पुराणकथा म्हणजे प्रयोगशाळेची टिपणवही नव्हे, तेव्हा तो मोह टाळलेला बरा. पण कथा शास्त्र सांगत नसली तरी समाजाच्या मनात काय मावते ते सांगते. कंसाच्या भयाने देवकीचा सातवा गर्भ योगमायेने रोहिणीच्या उदरात नेऊन ठेवला, तो बलराम. ओढून नेला म्हणून त्याचे नाव संकर्षण. आणि दुसरे नाव? रौहिणेय, म्हणजे रोहिणीचा मुलगा. ज्या कुशीत वाढला त्या कुशीचे नाव त्याला लागले, आणि देवकीचा हक्कही कोणी नाकारला नाही. श्वेतांबर जैनांच्या परंपरेतही महावीरांचा गर्भ देवानंदेच्या उदरातून त्रिशलेच्या उदरात आल्याची कथा आहे. दोन आया असलेले मूल कल्पनेत सामावून घेणे आपल्या मनाला जड गेलेले दिसत नाही. जड गेले ते कायद्याला, आणि त्यातही आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या बाबतीत.

‘दत्तकपण’ पोथीत, पण कायद्यात नाही

मराठी बायबल उघडून पाहावे. पौलाच्या पत्रांत देव आणि माणूस यांचे नाते सांगताना ‘दत्तकपण’ हाच शब्द येतो. फारोच्या मुलीने नदीतून उचललेला मोशे हाही दत्तकच, आणि योसेफाने येशूला वाढवले तेही स्वत:च्या रक्ताचा म्हणून नव्हे. अनाथाला घरात घेणे हे ख्रिस्ती धर्मात पुण्याच्या शेजारचे नसून धर्माच्या गाभ्यातले काम मानले जाते. महाराष्ट्राने ते डोळ्यांनी पाहिले आहे. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात आधार दिला. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरात आपली आणि परकी मुले कशी एकत्र वाढली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नकोच.

पण विलक्षण गोष्ट अशी की, रविवारी देवळात ‘दत्तकपण’ वाचणाऱ्या या माणसांना देशाच्या कायद्याने कित्येक वर्षे दत्तक घेऊ दिले नाही. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी आणि यहुदी यांच्यासाठी होता तो १८९० चा पालकत्वाचा कायदा. त्यात आईबाप हे आईबाप नव्हते, ‘पालक’ होते; मूल ‘पाल्य’ होते; आणि मूल सज्ञान झाले की नातेही संपत असे. वारसाहक्क नाही. बिरवाडीसारख्या गावात एका आळीत राहणाऱ्या तीन घरांपैकी हिंदू आणि बौद्ध घरातले दत्तक मूल ‘मुलगा’ होई आणि ख्रिस्ती घरातले ‘पाल्य’ राही. १९७२ साली सर्वांसाठी एक दत्तक विधेयक संसदेत आले. ते १९७८ मध्ये मागे घेण्यात आले. १९८० मध्ये पुन्हा आणले, तेही पार पडले नाही.

वाट मोकळी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात. मॅन्युएल थिओडोर डिसोझा यांच्या अर्जावर न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी शतक पालटण्याच्या सुमारास निकाल दिला, की अनाथ मुलाला घर आणि नाव मिळणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ख्रिस्ती दांपत्यालाही दत्तक घेता आले पाहिजे. पुढे २००० चा बालन्याय कायदा आणि त्यातली २००६ ची दुरुस्ती आली. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी यांच्या खटल्यात स्पष्ट केले की या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते. आता २०१५ च्या कायद्यानुसार सारा कारभार चालतो. २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी काढतात. म्हणजे महाड-पोलादपूरच्या कुटुंबाचा कागद आता अलिबागेहून निघतो, मग कुटुंब कोणत्याही धर्माचे असो.

ख्रिस्ती माणसाला जन्मलेले मूल दत्तक घेण्याचा हक्क मिळवायला असा दीर्घ काळ गेला. न जन्मलेल्याचे काय?

चर्चचे एकमत नाही

पुष्कळांची समजूत असते की ख्रिस्ती म्हणजे सारे एका विचाराचे. या प्रश्नावर तरी तसे नाही. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळींपैकी एक मोठा गट, सदर्न बॅप्टिस्ट, यांनी जून २०२४ मधल्या आपल्या अधिवेशनात या उपचारातील भ्रूणनाशाबद्दल चिंता व्यक्त केली आणि गोठवलेले भ्रूण दत्तक घेण्याचा विचार करावा असे आपल्या कुटुंबांना सांगितले. त्यांची विचारसरणी सरळ आहे. गर्भ राहिला त्या क्षणापासून तो जीव. जीव अनाथ असेल तर त्याला घर द्यावे.

कॅथॉलिक चर्चही भ्रूणाला पहिल्या क्षणापासून मान देते, पण त्याचे उत्तर निराळे आहे. मुळात काचेच्या बशीत गर्भधारणा घडवणेच त्याला मान्य नाही; १९८७ च्या धर्मपत्रात ते स्पष्ट केले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये भ्रूण तयार करणेच थांबवा असे शास्त्रज्ञांना आवाहन केले. २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या पत्रात भ्रूणदत्तकाचा थेट विचार आहे. हेतू स्तुत्य, परंतु अडचणी अनेक, असा त्याचा सूर आहे. आणि या हजारो भ्रूणांबाबत असा अन्याय होऊन बसला आहे की तो आता निस्तरता येत नाही, अशी कबुलीही त्यात आहे. आमच्या रायगड जिल्ह्यात कोर्लईला पोर्तुगीज काळापासूनची कॅथॉलिक वस्ती आहे. तिथल्या आणि वसईच्या एखाद्या श्रद्धाळू घराला हा निर्णय करायचा झाला, तर तो नुसता डॉक्टरांशी बोलून होणार नाही, हे उघड आहे.

उपाय चुकीचा होता असे मानणारे आणि उरलेल्याला वाचवा असे म्हणणारे, हे दोघेही भ्रूणाला वस्तू मानत नाहीत. मतभेद आहे तो घडून गेलेल्या गोष्टीची भरपाई कशी करायची यावर.

आपला कायदा काय सांगतो?

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, जोडप्याची संमती असेल तर त्यांचे उरलेले भ्रूण दुसऱ्या जोडप्याला देण्याची वाट होती. २०२१ चा साहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा जानेवारी २०२२ मध्ये अमलात आला आणि ती वाट बुजली. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात. मुदत भरल्यावर ते ‘पेरिश’ होऊ द्यायचे, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणी झालेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. भ्रूणांची विक्री, हस्तांतर आणि वापर यांना बंदी आहे. स्वत:चे भ्रूण स्वत:साठी नेण्यापुरता अपवाद आहे, तोही राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने. दुसऱ्याच्या ओटीत घालण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

कायद्याचा हेतू दुष्ट नाही. आपल्या देशात गरीब बाईच्या कुशीचा आणि बीजाचा बाजार मांडला गेला होता; त्याला आळा घालणे जरूर होते. दान आणि दत्तक या पवित्र शब्दांखाली विक्री चालू शकते, ही भीती खोटी नाही. शिवाय लहान समाजात एकाच आईबापांची मुले दोन घरांत वाढली आणि पुढे अजाणता त्यांचीच सोयरीक जमली तर काय, हाही प्रश्न आहे. मात्र या साऱ्याला उपाय नोंदवहीचा आणि देखरेखीचा आहे. जन्मलेल्या मुलांच्या दत्तकातही कधीकाळी बाजार होताच. सरकारने तो नोंदणीने, प्रतीक्षायादीने आणि गृहभेटीने आवरला; दत्तक बंद करून नव्हे. मग जे काम अलिबागेची कचेरी जन्मलेल्या मुलासाठी करते, ते न जन्मलेल्यासाठी कोणी करूच शकणार नाही असे का मानायचे?

२०२२ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांची दहा वर्षे २०३२ मध्ये भरतील. इंग्लंडला १९९६ च्या ऑगस्टमध्ये जो दिवस पाहावा लागला तो आपल्याकडे एका दिवसात येणार नाही. तो प्रत्येक इस्पितळात तारखेतारखेने, कोणाला न कळता येत राहील.

एक आक्षेप आणि एक रात्र

एक आक्षेप फार जोरकस आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जन्मलेली, भुकेली, डोळे लावून बसलेली मुले बालगृहांत असताना गोठलेल्या पेशींसाठी एवढा जीव कशाला टाकायचा? शंभर पेशींच्या गोळ्याला ना मेंदू आहे ना वेदना. त्याला मूल म्हणणे म्हणजे बीला वृक्ष म्हणण्यासारखे आहे, असे अनेक विचारी लोक म्हणतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांना एका कायद्यापुरते ‘मूल’ ठरवले, तेव्हा तिथल्या इस्पितळांनी भयाने उपचारच थांबवले आणि मुलासाठी आसुसलेल्या बायका दारातून परत गेल्या. भ्रूणाला माणूस ठरवण्याची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच कोणाला भरावी लागते.

मला स्वत:ला भ्रूण म्हणजे पूर्ण माणूस आहे असे म्हणवत नाही. तो काहीच नाही, असेही म्हणवत नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडात पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसे गेली. रात्रभर ढिगारा उपसणे चालू होते, आणि सुमारे एकोणीस तासांनी चार वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर आला. ते ऐकून ज्याला हुंदका आला त्या कोणीही पोराची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, ‘हा वाचून कोणाचा वंश चालणार’ असेही विचारले नाही. त्या मुलाची आणि भ्रूणाची बरोबरी मी करत नाही. ती कोणी करू नये. पण ज्या ख्रिस्ती कुटुंबांनी दुसऱ्याचा गोठलेला अंकुर आपल्या पोटात वाढवला, त्यांच्या मनाची ठेवण यावरून कळते. आपल्या जुन्या दत्तकात घराला मूल हवे असे, गादीला वारस हवा असे, पिंडाला हात हवा असे. या दत्तकाने तो क्रम उलटा केला: थांबलेल्याला घर हवे, म्हणून आपले घर. अर्थात त्या घरांनाही मुलाची ओढ होतीच, आणि ती असण्यात लाजण्यासारखे काही नाही.

सहीच्या आधी

तेव्हा वाचकहो, भ्रूणदत्तक बरे की वाईट याचा निकाल कोणी कसाही देवो. त्याच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो प्रत्येक धर्माच्या घराचा आहे. उरलेल्याचे काय करायचे, हे मूल झाल्यावर विचारणे म्हणजे घोडे पळाल्यावर तबेल्याला कुलूप घालणे. किती बीजांचे मीलन घडवायचे, हे डॉक्टरांना आधी विचारता येते. जर्मनीने १९९० च्या कायद्याने, एका खेपेला जेवढे गर्भात सोडायचे तेवढ्यापेक्षा अधिक तयार करू नयेत आणि तीनहून जास्त सोडू नयेत, असा दंडक घातला. त्यात यशाची शक्यता कमी होते, खर्च वाढतो, बाईच्या देहाला पुन्हा कष्ट पडतात. हे सारे खरे. पण ती किंमत जोडप्याला आधी कळली तर निर्णय त्याचा स्वत:चा होतो. नाहीतर निर्णय छापील कागद करतो, आणि आपण फक्त फुलीच्या जागी सही करतो.

घरात वडीलधाऱ्यांनी, सासूसासऱ्यांनी, ‘यंदा तरी काही बातमी?’ असे विचारण्याआधी हे लक्षात घ्यावे की आपल्या घाईपोटी चार जादा अंकुर धरले जातात आणि मागे राहतात. तरुणांनी संमतीपत्र घरी आणावे, मराठीत समजावून घ्यावे, दोघांनी मिळून रात्रभर त्यावर बोलावे. आणि कायदा करणाऱ्यांनी २०३२ उजाडण्यापूर्वी एवढे तरी ठरवावे की, ज्या जोडप्याला आपला अंकुर विनामोल, उघडपणे, नोंदवहीत नाव लिहून दुसऱ्या कुशीला द्यायचा आहे, त्याला ती मोकळीक असावी. ज्याला द्यायचा नाही, त्याच्यावर कोणी दडपण आणू नये.

‘पेरिश’ला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. ‘देणे’ या क्रियापदाला मात्र शोधावे लागत नाही. ‘दत्तक’ या शब्दाच्या पोटात तेच आहे: दत्त म्हणजे दिलेला. कोणी तरी ओंजळ पुढे करून दिलेला, आणि कोणी तरी पदर पसरून घेतलेला.